बोटीवर निघालेला रुग्ण

कोकणपट्टीत वैद्यकव्यवसाय करणाऱ्या आम्हा मंडळींना एक वर्ग फार परिचयाचा आहे. ‘बोटीवर असतो’ एवढ्या दोन शब्दांत ज्याचा व्यवसाय सांगून होतो, तो हा वर्ग. मागील पिढीत तो सारंग, टिंडेल, खलाशी या नावांनी ओळखला जाई. आज तोच ऑइलर, फिटर, बोसन, कुक, सेकंड ऑफिसर अशा हुद्द्यांवर तेलवाहू व मालवाहू जहाजांतून जगभर फिरतो. सहा ते नऊ महिन्यांचे काँट्रॅक्ट संपवून तो घरी येतो, दोन-तीन महिने राहतो आणि कंपनीचे बोलावणे आले की पुन्हा निघतो. या दोन-तीन महिन्यांत, साठून राहिलेल्या साऱ्या तक्रारींची मोळी बांधून तो आमच्या दारी येतो. आम्ही औषध देतो. तो बरा होतो किंवा होत नाही, आणि निघून जातो. आम्ही दिलेल्या पुडीचे पुढे समुद्रावर काय होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. आम्हीही करीत नव्हतो. करू लागलो तो एका चुकीनंतर, आणि ती चूक आमचीच होती. म्हणून ती प्रथम सांगतो.

पस्तिशीतील एक ऑइलर ग्रहणीच्या तक्रारीसाठी आमच्याकडे आला. मलप्रवृत्ती कधी द्रव, कधी बद्ध. जेवण होताच शौचाचा वेग. अंगात बळ नाही. लक्षणे स्पष्ट होती. आम्ही नाडी पाहिली, कोष्ठ विचारला, अग्नीचा विचार केला आणि ताकाच्या अनुपानाने जातिफलादि चूर्ण तीन आठवडे दिले. गुण उत्तम आला. रुग्ण समाधानी, आम्हीही समाधानी. पुढे पंधरा दिवसांनी त्याचे वडील एक कागद घेऊन आले. जहाजावर रुजू होण्यापूर्वी मुंबईत कंपनीतर्फे झालेल्या मूत्रपरीक्षेचा तो अहवाल होता, आणि त्यात गांजावर्गीय द्रव्य आढळल्याची नोंद होती. “माझ्या पोराने उभ्या जन्मात विडी ओढलेली नाही, वैद्यबुवा,” एवढेच ते म्हणाले. ते खरेच होते. आम्ही लेटरहेडवर पत्र लिहून दिले, पाठाची फोड करून दाखविली. परंतु नियमापुढे पत्राचे काही चालले नाही. तो मुलगा नऊ महिने घरी बसला.

जातिफलादि चूर्णाचा शार्ङ्गधरोक्त पाठ आपल्यापैकी बहुतेकांना मुखोद्गत असेल. अन्य सर्व द्रव्यांच्या बरोबरीने भांग आणि मग या साऱ्यांच्या बरोबरीने शर्करा. म्हणजे तयार चूर्णात चौथा हिस्सा भांगच असते. परीक्षेतील निष्कर्ष चुकीचा नव्हता, हे येथे ध्यानी घ्यावे. प्राथमिक चाचणी संशयाची असते, म्हणून दुसरी अधिक सूक्ष्म चाचणी करतात; परंतु द्रव्य शरीरात खरोखरच असेल तर दुसरी चाचणी पहिलीलाच दुजोरा देणार. भांगेतील कार्यकारी घटक मेदात साठून राहतो. एखाद्या वेळी घेतले तर काही दिवस, आणि नित्य सेवन असेल तर काही आठवडे त्याचे अंश मूत्रात सापडतात. तीन आठवडे ताकातून घेतलेले चूर्ण हे नित्य सेवनच झाले.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजाची जी व्याख्या केली आहे, तीत फुलोऱ्याविना असलेली पाने व बी येत नाहीत. म्हणून आपल्याकडे भांगेचे औषधी कल्प परवान्याने बनतात व विकले जातात. हा भेद परदेशी बंदरातील जकात अधिकारी मानीत नाही. सिंगापूर किंवा आखाती देशांच्या बंदरात ज्याच्या पेटीत जातिफलादि चूर्णाची डबी सापडेल, त्याच्यावरील प्रसंग नऊ महिने घरी बसण्याइतका सौम्य नसेल.

भांगेप्रमाणेच अहिफेनाची गोष्ट. कर्पूर रस, निद्रोदय रस, कामिनीविद्रावण रस, अहिफेनासव यांत अफू आहे, हे आपण जाणतो. परंतु ‘अतिसारावर दोन गोळ्या’ असे रुग्णाला सांगताना ते उच्चारत नाही. मदनानंद मोदक मागणारा गिऱ्हाईकही बोटीवरचा आहे की नाही, हे औषधी दुकानात कोणी विचारीत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई-१ मध्ये भांग, अहिफेन, धत्तूर, वत्सनाभ, विषतिंदुक आदी द्रव्यांची यादी आहे आणि असे द्रव्य असलेल्या कल्पावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. आमची दुकानदार बंधूंना विनंती अशी की, ती यादी गल्ल्याजवळ लावून ठेवावी. सागरी रुग्णाच्या बाबतीत तिचा उपयोग रोज होतो.

खसखशीचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे, सिंगापुरातही आहे. आपल्या घरांतून मात्र बोटीवर निघालेल्या मुलासाठी डिंकाचे लाडू होतात आणि त्यांत मूठभर खसखस पडतेच. आईच्या हातच्या लाडवांनी मुलगा विमानतळावर अडकावा, ही कल्पना हास्यास्पद वाटेल, पण ती खरी होऊ शकते. खसखशीवर मॉर्फीनचे सूक्ष्म अंश असतात. याच कारणाने अमेरिकेतील शासकीय चाचण्यांत मूत्रातील अफूवर्गीय द्रव्यांची प्राथमिक मर्यादा १९९८ मध्ये प्रति मिलिलिटर ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेण्यात आली. सर्वच कंपन्यांची मर्यादा तीच असेल असे नाही. लाडू अवश्य करावेत, खसखस वगळावी.

आसवारिष्टांचा प्रश्न

जहाजांवरील मद्यबंदी अलीकडे फार कडक झाली आहे, आणि त्यामागे इतिहास आहे. २४ मार्च १९८९ रोजी अलास्काच्या किनाऱ्याजवळ ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि सुमारे ३७ हजार टन कच्चे तेल समुद्रात सांडले. कप्तानाने बंदरावर मद्यपान केल्याची चर्चा जगभर झाली. नशेत जहाज चालविल्याच्या आरोपातून ज्यूरीने त्यास मुक्त केले. चौकशीत आणखी एक कारण पुढे आले, त्याची चर्चा मात्र कमी झाली. सुकाणूची जबाबदारी ज्या थर्ड मेटवर होती, तो अतिश्रमाने व अपुऱ्या झोपेने थकलेला होता. त्याकडे आपण पुढे वळू.

नाविकांच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१० मध्ये मनिला येथे सुधारणा झाल्या, त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू आहेत. त्यांनुसार रक्तातील मद्याची कमाल मर्यादा ०.०५ टक्के, किंवा श्वासात प्रति लिटर ०.२५ मिलिग्रॅम अशी ठरली. अनेक कंपन्यांचा स्वतःचा नियम याहून कडक, म्हणजे शून्याचा आहे.

आता आपली आसवारिष्टे पाहू. संधानाने उत्पन्न होणारे मद्य साधारणतः पाच ते बारा टक्के असते. २० मिलिलिटर अश्वगंधारिष्ट समभाग पाण्यातून घेतले, तर त्यातून दीड-पावणेदोन ग्रॅमच्या आसपास मद्यार्क पोटात जातो. प्रौढ पुरुषाच्या रक्तात त्याने होणारी वाढ नगण्य आहे. येथे उगाच भय निर्माण करण्याची आमची इच्छा नाही. अडचण दुसरीकडे आहे. घेतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे तोंडातील मद्याचा अंश श्वासमापक यंत्रास दिसतो आणि यंत्र भलताच आकडा दाखविते. शून्याच्या नियमात ‘थोडेसे’ असे काही नसते. शिवाय केबिनच्या तपासणीत ‘आसव’ असे लिहिलेली बाटली सापडली, तर ती औषधाची की मद्याची हे फिलिपिनो चीफ ऑफिसरने कसे ओळखावे? म्हणून सागरी रुग्णास अरिष्टाऐवजी तोच क्वाथ घनवटीच्या स्वरूपात द्यावा, असा आमचा आता परिपाठ आहे. गुणांत काही उणे पडते, हे मान्य. पडू द्यावे.

कनकासवाची गोष्ट वेगळी. त्यात मद्याबरोबर धत्तूरही आहे. धत्तूराने मुख शोष पावते, बाहुली विस्फारते, दृष्टी अंधुक होते. रात्री पुलावर उभे राहून क्षितिजावरील एका दिव्यावर नजर ठेवणे हेच ज्याचे काम, त्याला हे औषध देऊ नये.

झोपेचा हिशेब

जहाजावरील पहारे चार तासांचे असतात. बारा ते चार, चार ते आठ, आठ ते बारा. दिवसातून दोन वेळा. सेकंड ऑफिसरचा पहारा बहुधा बारा ते चारचा, म्हणजे मध्यरात्री बारा ते पहाटे चार आणि पुन्हा दुपारी बारा ते चार. त्याची दिनचर्या आणि ग्रंथांतील दिनचर्या यांचा मेळ बसणार कसा? ब्राह्ममुहूर्तावर उठण्याचा उपदेश त्याला करणे म्हणजे थट्टाच.

कराराने दिलेले संरक्षण असे आहे : कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, ही विश्रांती फार तर दोन भागांत, आणि त्यांतील एक भाग सलग सहा तासांचा. कागदावर हे उत्तम दिसते. बंदरात जहाज लागले की माल चढविणे-उतरविणे, तपासणी अधिकारी, रसद, सुट्या भागांची पेटी हे सारे एकाच दिवशी येते. विश्रांतीच्या नोंदवहीत तास भरलेले असतात; माणूस झोपलेला असतोच असे नाही. आमच्याकडे येणारे नाविक हे हसत हसत सांगतात. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही.

या ठिकाणी आपले शास्त्र अगदी उपयोगी पडते. रात्रिजागरणाने रूक्षता वाढून वात प्रकुपित होतो आणि जेवून दिवसा झोपल्याने कफ-मेद वाढतात, हे आपण पाठ केलेले आहे. परंतु ज्यास जागावेच लागते त्याने काय करावे, याचेही उत्तर वाग्भटांनी देऊन ठेवले आहे. रात्री जितका काळ जागरण झाले, त्याच्या निम्मा काळ सकाळी, आणि मुख्य म्हणजे न जेवता, झोपावे. बारा ते चारच्या पहाऱ्यावरील तरुणांना आम्ही हे सांगतो, तेव्हा ते चकित होतात. कारण त्यांची रीत नेमकी उलट असते. पहाटे चारला सुटल्यावर मेसमध्ये उरलेले तळलेले मांस, अंडी, ब्रेड यांवर ताव मारायचा आणि तसेच अंथरुणात शिरायचे. अम्लपित्त, स्थौल्य आणि पाठोपाठ मधुमेह हे त्याच वाटेने येतात. पहाऱ्यापूर्वी अर्धपोट जेवण, पहाऱ्यात कोमट पाणी व सुंठ घातलेला फिका चहा, सुटल्यावर फार तर वाटीभर पेज किंवा काहीच नाही, आणि खिडकीला जाड पडदा. एवढ्या बदलाने दोन काँट्रॅक्टांत वजन उतरलेले आम्ही पाहिले आहे.

झोपेसाठी औषध देताना मात्र हात आखडता घ्यावा. जहाजावर धोक्याची घंटा केव्हाही होते, आणि ती झाली की जीवनरक्षक जॅकेट घालून काही मिनिटांत ठरलेल्या जागी पोहोचावे लागते. गाढ गुंगीत असलेला माणूस तेथे पोहोचत नाही. पादाभ्यंग सुचवावा, पण त्याबरोबर सूचनाही द्यावी. तळव्यांना तेल लावून लोखंडी डेकवर किंवा जिन्यावर पाऊल टाकणे म्हणजे हाडे मोडून घेणे. निजण्यापूर्वी तेल चोळावे, पुसावे, मोजे घालावेत आणि उठल्यावर तळवे साबणाने धुवावेत. तेलाने भिजलेले फडके चुरगळून कपाटात कोंबू नये. तेलकट फडक्यांचा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो आणि जहाजावरील आगीइतके भयंकर दुसरे काही नाही. याच कारणाने केबिनमध्ये धूपन, कापूर, दिवा यांपैकी काहीही सुचवू नये. आमच्याच चिकित्सालयातून एकास शिरःशूलासाठी धूमवर्ती दिली गेली होती. ती त्याने वापरली नाही, हे आमचे नशीब.

बोट हा कोणता देश?

जांगल, आनूप, साधारण या देशविचारात बोट कोठे बसवावी, असा प्रश्न एका तरुण वैद्याने आमच्या शाखेच्या बैठकीत विचारला होता. चोहोबाजूंनी पाणी म्हणून आनूप, असे उत्तर कोणीतरी दिले. आमच्या मते बोट हा एकच देश नव्हे. डेकवर खारा, दमट वारा. केबिनमध्ये वातानुकूलित कोरडी थंडी. आणि इंजिनखोलीत चाळीस अंशांहून अधिक उष्मा, म्हणजे मरुभूमीच. ऑइलर एका पाळीत या तिन्ही देशांतून चार वेळा जा-ये करतो. त्याचा प्रतिश्याय का हटत नाही, याचे उत्तर तेथे आहे.

इंजिनखोलीतला घाम आणि पुलावरचे वेगधारण यांचा एक परिणाम आम्ही वारंवार पाहतो, तो अश्मरी. घाम अपरंपार, पाणी पिण्याचे विस्मरण, आणि पहारा सोडून लघवीस जाण्याचा संकोच. समुद्राचे पाणी ऊर्ध्वपातनाने गोडे केलेले असते. ते बेचव लागते म्हणूनही पुष्कळ जण पीत नाहीत. भर समुद्रात मूतखडा अडकला, तर त्या वेदनेवर तेथे फारसा इलाज नसतो. गोक्षुर, पाषाणभेद, वरुण जरूर द्यावेत. पण रोज किती पाणी प्यायले हे लघवीच्या रंगावरून ओळखावयास शिकविणे अधिक मोलाचे. गोळ्या संपतात, लघवीचा रंग रोज दिसतो.

इंजिनखोलीच्या आवाजासंबंधी एकच वाक्य. कानात तेल सोडल्याने आवाजाने होणारे बाधिर्य टळत नाही. कानांवरील संरक्षक कप न चुकता वापरावेत, हे आपणही सांगावे.

बोट लागणे, म्हणजे सागरी छर्दी, यावर सुंठ उत्तम. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या नौदलातील ८० शिकाऊ तरुणांवर खवळलेल्या समुद्रात चाचणी झाली, तीत एक ग्रॅम सुंठीने उलट्या व घाम येणे लक्षणीय कमी झाल्याचे दिसून आले. गुंगी न आणणारे असे हे औषध आहे. सैंधव-लिंबाबरोबर द्यावे.

लिंबावरून आठवले. समुद्रावरील आहाराने आरोग्य राखता येते, याचा एक प्रसिद्ध पुरावा १७४७ सालचा आहे. ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्हीच्या बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. संत्री-लिंबे खाणारी जोडी झपाट्याने सुधारली. पण पुढे लिंडने रस आटवून टिकाऊ पाक करण्याचा सल्ला दिला आणि आटविण्यात त्यातील गुणच नष्ट झाला. ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस सर्वत्र द्यावयास १७९५ साल उजाडले. औषध टिकाऊ करण्याच्या नादात निरुपयोगी होऊ शकते, ही गोष्ट आपल्या निर्मात्या बंधूंनाही ठाऊक असेलच.

‘मेडिकलपुरते बीपी उतरवून द्या’

आता ज्या विषयासाठी आम्ही लेखणी हाती घेतली, त्याकडे येतो. रुजू होण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीच्या आठ-दहा दिवस आधी काही नाविक आपल्याकडे येतात आणि स्पष्ट सांगतात, “मेडिकलपुरते बीपी उतरवून द्या, साखर उतरवून द्या.” इंग्रजी गोळी चालू असल्याचे कंपनीला कळू नये म्हणून ती बंद करून ते आपल्या काढ्यावर राहू इच्छितात. घर, कर्ज, मुलांचे शिक्षण हे सारे त्या तपासणीवर टांगलेले असते, आणि ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. आमचे मत असे की, ‘नाही’ म्हणावे.

मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात, डॉक्टर नसतो. शंभराहून कमी माणसे असलेल्या जहाजावर डॉक्टर ठेवण्याचे बंधनच नाही. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला एखादा अधिकारी औषधांची पेटी सांभाळतो आणि रेडिओवरून किनाऱ्यावरील डॉक्टरांचा सल्ला घेतो. रोम येथील संस्था १९३५ पासून कोणत्याही देशाच्या जहाजास असा सल्ला विनामूल्य देत आली आहे. पण सल्ला म्हणजे रुग्णालय नव्हे. प्रशांत महासागराच्या मध्यावर हृद्रोगाचा झटका आला, तर हेलिकॉप्टर तेथवर येत नाही आणि जवळचे बंदर कित्येक दिवसांच्या अंतरावर असते. किनाऱ्यावर ज्या रुग्णास आपण ‘आठवड्याने दाखवा’ म्हणतो, त्यास समुद्रावर आठवड्याने दाखविण्यासारखे कोणीही नसते. आणि सल्ला देणाऱ्या डॉक्टरला रुग्णाचा खरा इतिहासच ठाऊक नसेल, तर तो सल्लाही आंधळा.

नाविकाला हे पटवून देताना त्याचे हक्कही सांगावेत. पुष्कळांना ते माहीत नसतात. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार (हा करार २०१३ मध्ये अमलात आला, भारताने २०१५ मध्ये स्वीकारला) वैद्यकीय प्रमाणपत्र नाकारले गेले किंवा मर्यादित केले गेले, तर दुसऱ्या स्वतंत्र वैद्यकाकडून फेरतपासणी मागता येते. तसेच औषधाने नीट आटोक्यात असलेला रक्तदाब म्हणजे नोकरी गेली, असे सरसकट नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वरचा दाब १६० हून किंवा खालचा १०० हून अधिक असेल, तर उपचार होईपर्यंत तात्पुरते अपात्र धरावे, असे म्हटले आहे. म्हणजे लपविण्यापेक्षा दोन महिने आधी उपचार सुरू करणे शहाणपणाचे. घरी उतरताच आमच्याकडे या, जाण्याच्या आठवड्यात नको, असे आम्ही आता प्रत्येकास सांगतो. रक्तदाबाच्या या रुग्णांना यष्टीमधू दीर्घकाळ देऊ नये, त्याने दाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. आणि लवणभास्करासारखे क्षारलवणयुक्त चूर्णही मुठीने देऊ नये.

मनाच्या तक्रारीही याच सदरात येतात. २०२० च्या महासाथीत बंदरे बंद झाली, तेव्हा जगभरात सुमारे चार लाख नाविक काँट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकून पडले होते. त्यांतील काही आमच्या पंचक्रोशीतील होते. परत आल्यावर ते ‘भूक लागत नाही’, ‘पाठ धरते’ अशा तक्रारी घेऊन आले. मूळ दुखणे निराळे होते. अशा रुग्णास मेध्य औषधे देऊन लगोलग बोटीवर धाडू नये. त्याच्याशी व घरच्यांशी बोलावे आणि आवश्यक तर मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

जहाजावर सर्वांत विश्वासघातकी जागा म्हणजे बंद टाकी. गंजणारे लोखंड हवेतील प्राणवायू शोषून घेते. कोळसा, लाकडाचे ओंडके असा मालही तेच करतो. बाहेरच्या हवेत २०.९ टक्के असलेला प्राणवायू आत इतका उतरतो की, दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू तर प्रमाण वाढले की घ्राणेंद्रियच बधिर करतो, म्हणून वास नाही यावर विसंबता येत नाही. खरी शोकांतिका पुढे घडते. कोसळलेल्या सहकाऱ्यास काढण्यासाठी दुसरा धाव घेतो, त्याच्यामागे तिसरा. आत गेलेला पहिला माणूस गेला तो अज्ञानाने. पुढचे जातात ते मायेने. २०१५ पासून दर दोन महिन्यांनी याची कवायत आणि २०१६ पासून वायुमापक यंत्र जहाजावर ठेवणे बंधनकारक झाले, ते याचसाठी. सुश्रुतांनी धूमोपहताची लक्षणे व चिकित्सा सांगितली आहे खरी. परंतु तेथे प्रथम रुग्णास बाहेर आणावे लागते. आपल्याकडे भ्रम, श्वास, पांडु यांसाठी येणाऱ्या नाविकास आपण एवढे विचारावे : टाकीत उतरण्याचे काम करता काय? पांडुरोग्याने ते काम करू नये, हे सांगणारा त्याच्या आयुष्यात कदाचित आपणच पहिले असू.

औषधी दुकानदारांसाठी

सागरी रुग्णास पुड्या बांधून देऊ नयेत. नाव नसलेली राखाडी पूड कोणत्याही बंदरावर संशयास्पदच ठरते. मूळ सीलबंद डबी, घटकद्रव्ये छापलेले वेष्टन आणि वैद्याचे इंग्रजीतील, लॅटिन नावांसह लिहिलेले पत्र, तिन्ही बरोबर द्यावीत. चूर्ण दमट हवेत गोळा होते व त्यास बुरशी येते, म्हणून वटी, आणि तीही पट्टीबंद असल्यास उत्तम. रसौषधी मात्र जहाजावर पाठवूच नयेत, या मताला आम्ही आलो आहोत. २००४ मध्ये बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे अमेरिकी वैद्यकपत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज कल्पांची जडधातूंसाठी तपासणी आपल्याच शासनाने सक्तीची केली. शुद्ध, सुसंस्कारित भस्माविषयीचा आमचा विश्वास अबाधित आहे. परंतु रॉटरडॅमच्या रुग्णालयात दाखल झालेल्या नाविकाच्या उशाशी मकरध्वजाची कुपी सापडली, तर तो विश्वास तेथे त्याच्या कामी येणार नाही.

आता परतलेल्या रुग्णाविषयी. पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत, लागोस, अबिजान, दुआला अशा ठिकाणी, जहाजे आठ-आठ दिवस नांगरून असतात आणि तेथील हिवताप बहुधा फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूवर जाणारा असतो. डासाचा दंश झाल्यावर सामान्यतः एक ते चार आठवड्यांनी ज्वर येतो. तोवर नाविक घरी, अंगणात, नातलगांच्या गराड्यात असतो. ताप येतो, तो ‘पाणी बदलले’ म्हणून सुदर्शन काढ्यावर काढला जातो. दोन दिवस जातात आणि तिसऱ्या दिवशी शुद्ध हरपते. जहाजावर दिलेल्या प्रतिबंधक गोळ्यांना पर्याय म्हणून आपण कोणताही काढा देऊ नये. आमच्या नोंदवहीत आता नाव-वय-प्रकृतीच्या शेजारी दोन रकाने वाढविले आहेत : ‘बोटीवर? कधी निघणार?’ आणि ‘शेवटची बंदरे’. दुसऱ्या रकान्यात आफ्रिकेचे नाव असेल आणि अंगात ताप असेल, तर नाडीवर हात ठेवण्यापूर्वी रक्त तपासावयास पाठवावे, त्याच दिवशी. पहिला अहवाल निर्दोष आला तरी ताप असेतोवर दुसऱ्या दिवशी पुन्हा.